क्लबाची सभासद-वही संगणकावर कशी मांडावी?



२०२५ सालच्या जून महिन्यात इराणची क्षेपणास्त्रे आमच्या नेगेवमध्ये पडू लागली, त्या दिवसांत आमच्या गावच्या क्रिकेट क्लबाच्या कमिटीने एक साधा ठराव केला. क्लबाचे जे वयस्कर सभासद एकटे राहतात त्यांना रोज सकाळी कोणीतरी फोन करावयाचा, बरे आहात का, औषध-दूध-पाव काही हवे का, एवढे विचारावयाचे. काम अवघड नव्हते. चिटणीसांनी यादी काढली आणि पाच जणांत वाटून दिली. आमच्या वाट्याला नऊ नावे आली.

त्या नऊपैकी चार फोन लागले. दोन नंबरांचे पहिले शून्यच यादीतून नाहीसे झाले होते. ते लावून फिरविल्यावर तेही लागले. एक नाव दुसऱ्याच नावाचे जुळे निघाले, म्हणजे एकच गृहस्थ दोन स्पेलिंगांनी दोनदा लिहिलेले. उरलेले दोन नंबर घरच्या जुन्या टेलिफोनचे, केव्हाचे बंद झालेले. त्यांपैकी एका बाईंचा पत्ता शेजारणीकडून दुपारपर्यंत लागला. दुसरे आमच्या वेळचे नावाजलेले यष्टिरक्षक. ते लोद येथे मुलीच्या घरी सुखरूप आहेत हे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळले. तोपर्यंत दोघे तरुण त्यांच्या दारावर दोनदा धक्के मारून आले होते.

पण सर्वांत वाईट प्रसंग घडला तो लागलेल्या फोनवर. आम्ही यादीतील नाव वाचून "अमके आहेत का?" असे विचारले. पलीकडून त्यांच्या पत्नी बोलल्या, "मास्तर, त्यांना जाऊन तीन वर्षे होतील आता." आम्ही स्वतः त्यांच्या दफनविधीला हजर होतो. तरीही नऊ नावे भराभर उरकण्याच्या नादात यादीवर भरवसा ठेवला आणि त्या बाईंना नको ते ऐकावयास लावले.

सायरन थांबल्यावर कमिटीने आम्हांस बोलावून सांगितले की तुम्ही गणित शिकविलेत, रिकामे आहात, आता ही वही नीट करा. ते काम करताना जे शिकलो ते येथे देत आहोत. इस्राएलमधील क्रिकेटमध्ये भारतातून आलेल्या आपल्या लोकांचा वाटा किती मोठा आहे हे सांगावयास नको. १९७४ साली इस्राएलला आय.सी.सी.चे सह-सदस्यत्व मिळाले, १९७९ साली आपला संघ इंग्लंडमध्ये आय.सी.सी. ट्रॉफी खेळावयास गेला. तेव्हापासून बेरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद या गावी मॅटिंग अंथरून खेळणारे आपलेच असत. धावांचे हिशोब आपण चोख ठेवले. माणसांचा हिशोब मात्र एकाच्या खिशातील डायरीत, दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये आणि तिसऱ्याच्या डोक्यात.

आमचे शालेय शिक्षण तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे १९८१ पासून ज्याला रायगड म्हणतात तेथे झाले. शाळेच्या कचेरीत लोखंडी कपाटात एक जाडजूड वही असे, तिला जनरल रजिस्टर म्हणत. वाचकांपैकी पुष्कळांना ती आठवत असेल. मुलाचे नाव शाळेत घातले की त्या वहीत एक ओळ लिहिली जाई आणि त्या ओळीला नंबर मिळे. नाव, जन्मस्थळ, जन्मदिनांक आकड्यांत व अक्षरांत, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख आणि शेवटी शाळा सोडल्याची तारीख व कारण. तो नंबर पुन्हा दुसऱ्या कोणाला मिळत नसे. मुलगा शाळा सोडून गेला तरी त्याची ओळ कोणी खोडत नसे, फक्त शेवटचे रकाने भरत. म्हणूनच अलियाच्या वेळी कागदपत्रे जमविताना आपल्यापैकी कित्येकांनी वीस-तीस वर्षांनी जाऊन शाळा सोडल्याचा दाखला मागितला, आणि कारकुनाने वही उघडून तो दिला.

त्याच कचेरीत हजेरीपट असे, आणि फीचे पावतीपुस्तकही असे. आता पाहा, हजेरीपटावर रोज कोणी मुलाच्या बापाचा पत्ता लिहीत नसे. पावतीवर जन्मतारीख लिहीत नसत. प्रत्येक वहीत त्या वहीचाच विषय असे, आणि वह्यांची सांगड रजिस्टर नंबराने बसे. संगणकावरील डेटाबेस म्हणजे दुसरे काही नाही. १९७० साली आय.बी.एम. कंपनीतील गणिती एडगर कॉड यांनी एक निबंध लिहून हाच विचार गणिताच्या भाषेत मांडला: माहिती साध्या कोष्टकांत ठेवावी आणि एका कोष्टकातील ओळ दुसऱ्या कोष्टकातील ओळीशी त्यांतील मूल्यांनीच जोडली जावी. बँका, रुग्णालये, विमा कंपन्या यांची कामे आज बहुतांशी या रचनेवर चालतात. आमच्या शाळेतील कारकुनाला ती तोंडपाठ होती म्हणावयास हरकत नाही.

आता आमच्या क्लबाची स्थिती ऐका. खजिनदारांनी एक्सेलमध्ये एक लांबलचक कोष्टक केले होते. एका ओळीत एक सभासद, आणि दर वर्षी उजवीकडे एक नवा रकाना: वर्गणी २०१८, वर्गणी २०१९ असे करीत करीत पुढे. फोनला तीन रकाने. चौथा फोन आला की तो पत्त्याच्या रकान्यात. कोणी वर्गणी दोन हप्त्यांत दिली तर त्या चौकोनात "१५० + १५०" असे लिहिलेले. अशा चौकोनाला संगणक आकडा न समजता अक्षरे समजतो व बेरजेत धरीत नाही. त्यामुळे ज्यांनी प्रामाणिकपणे हप्त्याहप्त्याने भरले तेच बाकीदार ठरले, आणि दोघांना त्याबद्दल वार्षिक सभेत ऐकून घ्यावे लागले. खजिनदारांचा हेतू उत्तम होता. मांडणी चुकीची असली की हेतूचा काही उपयोग होत नाही.

आम्ही पाच कोष्टके केली. पहिले घराचे: घर क्रमांक, रस्ता, इमारत, दार, गाव, टपाल कोड (२०१३ पासून तो सात आकडी झाला, जुन्या वहीत पाच आकडी कोड दिसले की ती नोंद तितकी जुनी असे धरून चालावे), घरचा टेलिफोन असल्यास तो. दुसरे व्यक्तीचे: व्यक्ती क्रमांक, नाव, जन्मतारीख, मोबाइल, कोणत्या घरात राहते त्या घराचा क्रमांक, आणि आपत्काळी कोणाला कळवावे त्या व्यक्तीचा क्रमांक. तिसरे सभासदत्वाचे: कोणती व्यक्ती, कोणत्या प्रकारची सभासद, कधीपासून, कधीपर्यंत. चौथे भरण्याचे: पावती क्रमांक, व्यक्ती क्रमांक, तारीख, कोणत्या वर्षाची वर्गणी, रक्कम. पाचवे हंगाम-नोंदीचे: या हंगामात कोण कोणत्या संघात, विमा उतरविला का, वैद्यकीय दाखला कोणत्या तारखेपर्यंत.

घर आणि व्यक्ती वेगळे का, असे कमिटीत विचारले गेले. एका घरातून तीन भाऊ आमच्याकडे खेळतात. कुटुंबाने घर बदलले तेव्हा थोरल्याचा पत्ता बदलला गेला, धाकट्या दोघांचा राहिला, आणि वर्षभर दोघांची पत्रे जुन्या पत्त्यावर जात राहिली. पत्ता एकाच ठिकाणी लिहिलेला असला तर एकदाच बदलावा लागतो. हे ज्याला पटले त्याला डेटाबेसचे अर्धे शास्त्र समजले.

व्यक्ती आणि सभासदत्व वेगळे, याचे कारण जरा निराळे आहे. मुलगा अठराव्या वर्षी सैन्यात जातो, तीन वर्षे येत नाही, परत येतो. तो एकच माणूस, पण त्याच्या सभासदत्वाच्या दोन मुदती. पहिली मुदत खोडून दुसरी लिहिली तर तो जुना सभासद आहे हे पुसले जाते. शिवाय काही माणसे सभासद नसूनही वहीत हवी असतात. तेरा वर्षांच्या मुलाची आई क्लबाची सभासद नाही, पण चेंडू लागून मुलगा पडला तर फोन तिलाच करावयाचा ना? म्हणून तीही व्यक्तींच्या कोष्टकात येते, सभासदत्वाच्या कोष्टकात येत नाही.

येथे कायद्याचाही संबंध आहे. आपले बहुतेक क्लब आमुता म्हणून नोंदलेले असतात. १९८० च्या आमुता कायद्याप्रमाणे संस्थेने सभासदांचे रजिस्टर ठेवावयाचे असते, आणि त्यात प्रत्येकाचे नाव, पत्ता, ओळख क्रमांक व सभासदत्व सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख लागते. वार्षिक सभेत मत कोणाला, हे त्यावरूनच ठरते. आमच्याकडे एका सभेत यावरून आवाज चढले होते. एक गृहस्थ म्हणत होते आम्ही पहिल्या दिवसापासूनचे सभासद, आणि वहीत त्यांचे नावच नाही. पुढे सापडले. जुन्या चिटणीसांनी ते मराठीत लिहिले होते व नव्या चिटणीसांना मराठी वाचता येत नव्हते.

नावांचा हा प्रश्न आपल्या समाजापुरता फार मोठा आहे, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो. आपली आडनावे कोकणातील गावांची: पेणकर, रोहेकर, चेऊलकर, नवगावकर. हिब्रूत 'ण' नाही, आणि नेहमीच्या लिखाणात स्वरचिन्हे देत नाहीत. पेणकर हिब्रूत लिहिले की ते पनकर, पिनकर काहीही वाचता येते. 'च' दाखविण्यासाठी अक्षराजवळ एक तिरकी रेघ द्यावी लागते. ती फॉर्मवर गळली की चेऊलकरांचे त्साऊलकर होतात. इंग्रजीत नवगावकर किती प्रकारे लिहितात ते आम्ही मोजावयास घेतले आणि सोडून दिले. त्यात आणखी व्यक्तिनावे. भारतातील कागदावर सॅम्युअल, येथील ओळखपत्रावर श्मुएल, आणि आजोबा घरी सामाजी म्हणून हाक मारीत. एकाच माणसाची तीन नावे, तिन्ही खरी.

यावर उपाय असा. नावाला तीन रकाने ठेवावे: ओळखपत्रावरचे हिब्रू नाव अक्षरशः जसे आहे तसे, पासपोर्टावरचे इंग्रजी, आणि समाजात ज्या नावाने ओळखतात ते मराठी. विम्याच्या यादीत पहिलेच जाईल. मराठी रकाना कशाला, असे तरुण मंडळी विचारतात. त्यांना आम्ही सांगतो की त्या एका रकान्यामुळे आमची दोन जुळी नावे एक झाली. मात्र मराठी युनिकोडमध्ये टाइप करावे. आमच्याकडील एक जुनी यादी पूर्वीच्या एका मराठी फाँटात होती. तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरे व चिन्हांचा पसारा, आणि शोधावयास गेले तर काहीच सापडत नाही. शेवटी छापील प्रत समोर ठेवून सगळी पुन्हा टाइप केली.

नावे अशी सरकती असल्यामुळे नाव ही ओळख धरता येत नाही. मग ओळख कोणती? पुष्कळांचे उत्तर मिस्पार झेहूत असे येते. तो कायद्यासाठी लागतो म्हणून रकाना ठेवावा, पण वहीचा मुख्य क्रमांक तो करू नये. आमच्याकडे भारतातून व श्रीलंकेतून कामासाठी आलेले तरुण खेळतात. त्यांच्याकडे पासपोर्ट असतो आणि पासपोर्ट बदलला की नंबर बदलतो. क्लबाने स्वतःचा क्रमांक द्यावा: १, २, ३, पुढे. त्यात वर्ष, संघ, गाव असा काही अर्थ कोंबू नये. एका क्लबाने म्हणे "ज्यु-१४" असे क्रमांक ज्युनिअर खेळाडूंना दिले होते. ते ज्युनिअर आता आजोबा झाले आहेत.

ओळख क्रमांक लिहून घेताना एक मौज आहे, ती आमच्यातील गणित-शिक्षकाला गप्प बसू देत नाही. हा क्रमांक नऊ आकडी असून त्यातील शेवटचा आकडा पहिल्या आठांवरून काढलेला असतो. डावीकडून एकाआड एक आकड्यांना १ व २ ने गुणावे, गुणाकार दोन आकडी आला तर त्यातील आकड्यांची बेरीज घ्यावी, आणि सर्व मिळवावे. बेरजेला दहाने भाग गेला पाहिजे. उदाहरणासाठी ओळीने मांडलेला १२३४५६७८२ हा आकडा घ्या. गुणाकार येतात १, ४, ३, ८, ५, १२ म्हणजे ३, ७, १६ म्हणजे ७, आणि शेवटी २. बेरीज ४०. म्हणजे मांडणी बरोबर. आता घाईत कोणी ५ आणि ६ यांची अदलाबदल केली तर बेरीज ३९ येते आणि चूक जागच्या जागी पकडली जाते. ही युक्ती आय.बी.एम.मधील हान्स पीटर लून यांची. १९६० साली त्यांना तिचे पेटंट मिळाले, आणि क्रेडिट कार्डांचे नंबरही याच रीतीने तपासतात. शेजारच्या ० आणि ९ यांची अदलाबदल मात्र तिला कळत नाही, हे ताडून पाहावे. एक्सेलमध्ये हे सूत्र एकदा बसवून दिले की चुकीचा नंबर लाल होतो. आमच्या जुन्या यादीत असे सात नंबर लाल झाले. सातांपैकी पाचांत पुढचे शून्य गळलेले नव्हते ना, अशी शंका येईल. नाही, शून्य आम्ही आधीच लावून घेतले होते.

या शून्याचे कारण समजून घ्यावे. एक्सेलला ०५० ने सुरू होणारा मोबाइल नंबर दिला की त्याला तो आकडा वाटतो, आणि आकड्याच्या पुढच्या शून्याला किंमत नसते म्हणून तो ते टाकून देतो. जुन्या ओळख क्रमांकांचीही तीच गत, कारण त्यांतील पुष्कळ शून्याने सुरू होतात. म्हणून फोन, ओळख क्रमांक व टपाल कोड यांचे रकाने भरण्यापूर्वी 'मजकूर' या प्रकारचे करून ठेवावे. ज्या गोष्टीची आपण कधी बेरीज-वजाबाकी करणार नाही ती आकड्यांत लिहिलेली असली तरी मजकूरच होय. शाळेत पट क्रमांकांची बेरीज कोणी केली आहे काय?

तारखांनी आम्हांला सर्वांत जास्त छळले. आपल्याकडे दिवस आधी, महिना मागून. खजिनदारांचा संगणक अमेरिकन पद्धतीवर लावलेला होता. त्यामुळे "१३/६" ही तारीख त्याला कळली नाही व तशीच अक्षरे म्हणून राहिली, पण "५/६" त्याने निमूटपणे मे महिन्याची सहा तारीख करून टाकली. न कळलेली चूक दिसते तरी. कळल्यासारखी करून केलेली चूक दिसतच नाही. आम्ही सर्व तारखा वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने, २०२५-०६-१३ या पद्धतीने लिहिण्याचे ठरविले. १९८८ पासूनचे ते आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि शिवाय अशा तारखा आपोआप क्रमाने लागतात.

जन्मतारखा तपासताना आमच्या पिढीच्या नावांसमोर पुन्हा पुन्हा १ जून आले. तरुण चिटणीसांना वाटले संगणकाने काहीतरी घोटाळा केला. घोटाळा संगणकाचा नव्हे, आमच्या मास्तरांचा! गावाकडे मूल शाळेत घालावयास आणले, तारीख आईबापांस सांगता आली नाही, की मास्तर शाळा सुरू होण्याच्या हिशेबाने १ जून लिहून मोकळे होत. तीच तारीख दाखल्यावर, तीच पासपोर्टावर, तीच येथील ओळखपत्रावर. आमच्या यष्टिरक्षक मित्रांचीही तीच आहे. आम्ही विचारले तेव्हा म्हणाले, आई सांगे की तुझा जन्म सिम्हाथ तोराच्या रात्रीचा. सरकारी रकान्यात १ जूनच ठेवली. वाढदिवसाची भेट मात्र आता सिम्हाथ तोराला जाते. कोणी सुचविले की इब्री जन्मतारखेचाही रकाना हवा. जी गोष्ट हिशेबाने काढता येते ती लिहून ठेवू नये असा आमचा नियम, पण येथे अडचण आहे. इब्री दिवस सूर्यास्ताला सुरू होत असल्याने संध्याकाळनंतर जन्मलेल्याची तारीख एक दिवसाने पुढे जाते, आणि ते संगणकाला कोण सांगणार? ज्याला हवी त्याने सांगावी, आम्ही शेऱ्यात लिहू, असे ठरले.

त्याच नियमाने वय लिहू नये, जन्मतारीख लिहावी. वय दर वर्षी खोटे ठरते. 'बाकी' असा रकाना ठेवू नये. वर्गणी किती ठरली व भरणा किती झाला यांची वजाबाकी संगणक हव्या त्या क्षणी करतो.

तीन याद्या एकत्र करण्याचे काम नावांवरून होत नाही हे वर आलेच. आम्ही आधी मोबाइल नंबरांवरून जोड्या लावल्या, मग जन्मतारखांवरून, मग पत्त्यांवरून, आणि उरलेले लोक कागदावर उतरवून शुक्रवारी मैदानावर ज्येष्ठ मंडळींच्या हाती दिले. संगणकाने ज्या दोघांना एक ठरविले होते ते चुलतभाऊ आहेत, एकाच आजोबांचे नाव दोघांना ठेवले आहे, हे एका आजीने क्षणात सांगितले. तिन्ही याद्यांत मिळून दोनशेच्या वर नावे होती. माणसे निघाली दीडशेच्या आत.

कोणाचीही ओळ खोडू नये, हा जनरल रजिस्टरचा नियम आम्ही कमिटीकडून ठराव म्हणून मंजूर करून घेतला. गेलेल्या सभासदाच्या नावापुढे सभासदत्व संपल्याची तारीख व कारण लिहावे. पत्रे, फोन, वर्गणीची आठवण या सर्व याद्या ज्यांची मुदत चालू आहे अशांच्याच निघाव्यात, ही अट संगणकात पक्की करून ठेवावी, म्हणजे यादी काढणाऱ्याच्या स्मरणशक्तीवर काही अवलंबून राहणार नाही. ज्या बाईंना आम्ही दुखावले त्या आता स्वतंत्र व्यक्ती म्हणून वहीत आहेत, स्वतःच्या नावाने व स्वतःच्या मोबाइलने. याआधी त्या फक्त यजमानांच्या ओळीत "सौ." एवढ्याच होत्या.

आता काय लिहू नये ते. १९८८ च्या क्रीडा कायद्याने स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूची वैद्यकीय तपासणी व विमा यांची जबाबदारी संस्थांवर टाकली आहे. म्हणून काही क्लब दमा, मधुमेह, हृदयाचा त्रास असे सारे लिहून ठेवतात. आमचे मत याच्या विरुद्ध आहे. १९८१ च्या गोपनीयता कायद्याची तेरावी दुरुस्ती १४ ऑगस्ट २०२५ पासून अमलात आली असून आरोग्याच्या माहितीबद्दल कायदा विशेष कडक आहे. क्लबाला फक्त एवढेच पाहिजे की दाखला आहे का आणि कोणत्या तारखेपर्यंत. रोग डॉक्टरांकडे राहू द्या. आपला समाज लहान. वहीतील गोष्ट लग्नाच्या बोलण्यापर्यंत पोहोचावयास वेळ लागत नाही. वही उघडण्याचा पासवर्ड आमच्याकडे तिघांनाच आहे. प्रशिक्षकांना त्यांच्या संघाची नावे, फोन व पालकांचे फोन एवढेच दिसते. संपूर्ण यादी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकावयाची नाही, मागणारा कमिटीचा असला तरी.

सॉफ्टवेअर कोणते, हा प्रश्न सर्वजण पहिला विचारतात, म्हणून आम्ही तो शेवटी घेतला. शंभर-दीडशे माणसांच्या क्लबाला एक्सेलमध्ये पाच पाने करून काम भागते, मात्र जोडणीची सूत्रे जपावी लागतात. लिब्रेऑफिसमधील बेस फुकट मिळतो व त्यात खरीखुरी जोडलेली कोष्टके करता येतात. मायक्रोसॉफ्टचा अ‍ॅक्सेसही तेच करतो, पण त्याला पैसे पडतात. आम्ही बेस घेतला. नोंद करणारा हात एकच असावा, बाकीच्यांनी त्याला चिठ्ठी द्यावी. प्रत्येक बदलापुढे तारीख पडावी.

प्रती तीन असाव्यात, त्यांपैकी एक तरी दुसऱ्या गावी. आमची तिसरी प्रत अश्दोदला एका नातेवाइकांच्या घरी पासवर्ड लावलेल्या पेनड्राइव्हवर आहे आणि दर महिन्याला बदलते. दर तीन महिन्यांनी ती प्रत उघडून पाहतो, कारण न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे. पहिल्या खेपेस उघडली तेव्हा ती रिकामी होती. चुकीची फाइल गेली होती.

आणि एक कागद. दर शुक्रवारी दुपारी, शब्बाथ लागण्यापूर्वी, वहीतून एकच यादी छापली जाते: सत्तरीपुढील, एकटे राहणारे, मोबाइल, शेजाऱ्याचा फोन, जवळच्या आप्ताचा फोन. मोठ्या अक्षरांत, एका पानावर. ती चिटणीसांच्या व आमच्या फ्रिजवर लावलेली असते, कारण वीज गेली किंवा शब्बाथ असला तर संगणक उघडत नाही, आणि पिकुआख नेफेशची वेळ आलीच तर पासवर्ड आठवीत बसावयास वेळ नसतो. पहिली यादी छापली तेव्हा अकरा जणांच्या आप्ताचा रकाना कोरा होता. आमच्या सूनबाईंनी फ्रिजसमोर उभे राहून ती वाचली व म्हणाल्या, "बाबा, अकरांपैकी एक तुम्हीच आहात." तो रकाना त्यांनी पेनने भरला, वहीत आम्ही नंतर भरला. दहांपैकी सहा आजवर मिळाले आहेत, चौघांचे काम चालू आहे.

ज्या क्लबांना किंवा सिनेगॉगच्या मंडळांना ही पाच कोष्टके कोरी हवी असतील त्यांनी संपादकांमार्फत कळवावे. ती हिब्रू, इंग्रजी व मराठी मथळ्यांसह पाठविण्यात येतील.